उष्माघात : रोगी बरळू लागल्यास प्रथम काय करावे

चैत्र-वैशाखात नांगरट व धसकटे वेचण्याची कामे भर उन्हात चालतात. अशा वेळी एखादा मजूर एकाएकी असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला किंवा घरच्या माणसासही ओळखेनासा झाला व त्याचे अंग भाजून निघत असले, तर तो उष्माघात समजून उपचारास लागावे. अंगास घाम आहे म्हणून उष्माघात नव्हे, असे मानू नये. श्रमाने होणाऱ्या उष्माघातात रोगी घामाने निथळत असू शकतो.

शरीराची उष्णता ४० अंश सेल्सिअस, म्हणजे १०४ अंश फॅरनहाइटच्या वर गेली की मेंदू, यकृत व मूत्रपिंडे यांस इजा होऊ लागते व ती मिनिटागणिक वाढते. यास्तव गाडीची वाट पाहत रोग्यास नुसते सावलीत निजवून ठेवू नये. एकाने १०८ क्रमांकास दूरध्वनी करावा. इतरांनी त्याच क्षणी पाणी ओतू लागावे. अर्ध्या तासाच्या आत उष्णता ३९ अंशांपर्यंत उतरली पाहिजे.

कपडे उतरवावेत. रोगी तरुण व धडधाकट असल्यास गुरांच्या हौदात गळ्यापर्यंत बसवावे; एकाने मागून काखेत हात घालून त्याचे डोके पाण्यावर धरून ठेवावे. वृद्धास सुंभाच्या बाजेवर निजवून सर्वांगावर पाणी शिंपडत सुपाने वारा घालावा. बाजेमुळे हवा खालूनही लागते. विदर्भातील कोरड्या हवेत हा उपाय फार गुणकारी ठरतो. कोकणातील दमट हवेत पाणी लवकर वाळत नाही, तेव्हा तेथे थंड पाण्यावर अधिक भर द्यावा. बर्फ मिळाल्यास तो फडक्यात बांधून मान, काखा व जांघा येथे ठेवावा.

भान नसलेल्या रोग्याच्या तोंडात पाणी, सरबत काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाते. तापाच्या गोळ्या येथे निरुपयोगी होत, कारण हा ताप रोगजंतूंचा नव्हे. झटके आल्यास कुशीवर वळवावे. कांदा किंवा वहाण हुंगविण्यात वेळ दवडू नये.

त्या दिवशी फवारणी झाली होती काय, हे अवश्य विचारावे. तोंडास लाळ सुटली असून डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असल्यास विषबाधेचा संशय धरावा, अंग साबणाने धुवावे व औषधाचा डबा डॉक्टरांकडे न्यावा.

रोगी कुडकुडू लागला किंवा नीट बोलू लागला, तरी त्यास रुग्णालयात नेलेच पाहिजे. वाटेत ओले फडके व वारा चालू ठेवावा आणि भान केव्हा गेले ती वेळ लिहून डॉक्टरांस द्यावी.