तिखटाचा ग्राही दिसतो कसा?

ठेचा खाल्ला की तोंड भाजल्यासारखे का होते? मिरचीतले कॅप्सेसिन आणि सुमारे ४३ अंश सेल्सिअसवरील उष्णता चेतातंतूंवरच्या एकाच प्रथिनाला उत्तेजित करतात. या टीआरपीव्ही-१ ग्राहीची ओळख १९९७ साली डेव्हिड ज्यूलियस यांच्या प्रयोगशाळेने पटवली.

माणसाच्या त्वचेच्या पातळ कापात तो नुसत्या सूक्ष्मदर्शकाने ओळखता येत नाही. म्हणून ग्राहीचा छोटा तुकडा सशाला टोचतात. सशाच्या रक्तात त्याला चिकटणारी प्रतिपिंडे तयार होतात. त्यांना रंगाची खूण जोडली, की ग्राही असेल तेथे रंग उमटतो.

पण थांबा! प्रतिपिंड भलत्याच प्रथिनालाही चिकटू शकते. तेव्हा ज्या पेशींत हा ग्राही मुळीच नाही, त्यांवर ते आधी लावून पाहा. काम कंटाळवाणे खरे. पण तेथेही रंग दिसला, तर त्वचेतल्या रंगावर विश्वास कसा ठेवणार?