तामारेचे मौन

दाविदाच्या घरांत तामारेवर तिच्या सावत्र भावानेच बळजबरी केली. अबशालोमाने तिला गप्प राहावयास सांगितले, राजा संतापला, पण त्याने काहीच केले नाही (२ शमु. १३). अमेरिकेंतील जिम्नॅस्टिक संघाचा डॉक्टर लॅरी नासर ह्याच्याविषयीहि मुलींनी सांगितले असतां मोठ्यांनी कान झांकले. २०१६ साली रेचल डेनहॉलंडर ह्या ख्रिस्ती भगिनीने जाहीरपणे तोंड उघडले. २०१८ साली दीडशेहून अधिक जणींनी न्यायालयांत आपले दुःख मांडले.

आपल्या गांवांतहि तालमीच्या वा कबड्डीच्या शिक्षकाबरोबर मूल परगांवी एकटे पाठवू नये. त्याने काही सांगितल्यास, "तू गेलासच कां?" असे न विचारतां प्रथम विश्वास ठेवावा. पंचांनी अब्रूसाठी प्रकरण मिटविणे आम्हांस अबशालोमाचेच काम वाटते. २०१२ च्या पोक्सो कायद्याने पोलिसांस कळविणे बंधनकारक आहे. १०९८ वर फोनहि करितां येतो. मुलाचे नांव मात्र प्रार्थनासभेंतहि उच्चारू नये.