विडी आणि अंगावरचं बाळ
प्रश्न : मी धुणीभांडी करते. विडी सुटत नाही. बाळ अंगावर पितं, म्हणून दारात उभी राहून ओढते. चालेल ना?

उत्तर : नाही, ताई. दारातला धूर घरात येतोच, पदराला आणि केसांनाही चिकटतो. अशा धुरात वाढणाऱ्या बाळांना न्यूमोनिया, दमा, कान फुटणं जास्त होतं. पण दूध मात्र तोडू नका. विडी ओढणाऱ्या आईचंही दूध बाळाला हवंच. विडी सुटेपर्यंत, पाजून झाल्यावर घरापासून लांब जाऊन ओढा. हात धुऊन, कपडे बदलूनच बाळाला घ्या. विडीऐवजी मिश्री नको, तीही तंबाखूच. तलफ काही मिनिटांत ओसरते. पहिले काही दिवस सर्वांत कठीण. १८००-११२-३५६ या मोफत सरकारी क्रमांकावर समुपदेशक बोलतात. आजच फोन लावा.