दुखापतींचा हंगाम आणि कृतज्ञतेचा पाठ

(इयत्ता ५ वी ते ७ वी; मूल्यशिक्षण व शारीरिक शिक्षण)

पाठाचा हेतू : संघातील खेळाडू जायबंदी झाले असता संघ कोणाच्या आधारावर उभा राहतो हे मुलांना उमजावे, आणि त्या आधाराविषयीची कृतज्ञता नेमक्या शब्दांत व्यक्त करण्याची सवय त्यांना लागावी.

प्रस्तावना : भातकापणी उरकली की भिवंडी तालुक्यातील खेडोपाडीच्या शाळांतून कबड्डी व खो-खो यांचा सराव जोर धरू लागतो. नेमक्या त्याच वेळी कोणाचा घोटा मुरगळतो, कोणाचा गुडघा फुटतो. भरवशाचा चढाईपटू बाजूला बसला की, ‘आता आपले काही खरे नाही’ असा सूर उमटतो. अशा प्रसंगी शिक्षकांनी मुलांना भारतीय क्रिकेट संघाच्या २०२०-२१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्याची हकिगत सांगावी. तिच्यातील दोन खेळाडू याच परिसरातले आहेत. अजिंक्य रहाणे डोंबिवलीत वाढला, तर शार्दूल ठाकूर पालघरचा. आणि पालघर २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होते.

विषयविवेचन : १९ डिसेंबर २०२० रोजी अ‍ॅडलेड येथे भारताचा डाव अवघ्या ३६ धावांत आटोपला. त्याच डावात महंमद शमीच्या हाताचे हाड मोडले. त्यानंतर कर्णधार विराट कोहली अपत्यजन्मासाठी मायदेशी परतला व धुरा रहाणेकडे आली. मेलबर्नला रहाणेने ११२ धावा केल्या व भारताने सामना जिंकला. परंतु तेथे नागपूरकडील उमेश यादवची पोटरी दुखावली. पुढे सिडनीत रवींद्र जडेजाचा अंगठा, हनुमा विहारीच्या मांडीचा स्नायू आणि जसप्रीत बुमराहच्या पोटाचा स्नायू दुखावला, तर रविचंद्रन अश्विनला पाठीने सतावले. मालिकेत भारताला एकूण २० खेळाडू उतरवावे लागले. चारही सामने खेळलेले भारतीय केवळ दोन : रहाणे आणि चेतेश्वर पुजारा.

ब्रिस्बेनच्या शेवटच्या सामन्यात जे पाच गोलंदाज उतरले, त्या सर्वांचा मिळून पूर्वीचा अनुभव अवघ्या चार कसोटींचा होता. नटराजन व वॉशिंग्टन सुंदर हे तर प्रथमच कसोटी खेळत होते. नटराजन या दौऱ्यावर आला होता तो सरावात गोलंदाजी करण्यासाठी. ठाकूरला २०१८ मधील पहिल्या कसोटीत दहा चेंडू टाकताच दुखापतीमुळे मैदान सोडावे लागले होते. ही त्याची दुसरी कसोटी. त्याने सामन्यात सात बळी घेतले. संघ ६ बाद १८६ अशा अडचणीत असता ठाकूर (६७) व सुंदर (६२) यांनी १२३ धावांची भागी केली. १९ जानेवारी २०२१ रोजी ३२८ धावांचे लक्ष्य गाठून भारताने सामना व मालिका जिंकली. त्या मैदानावर ऑस्ट्रेलिया १९८८ नंतर प्रथमच पराभूत झाला.

विजयानंतरच्या दोन गोष्टी मुलांना अवश्य सांगाव्यात. रहाणेने करंडक नवख्या नटराजनच्या हाती दिला. आणि प्रतिस्पर्धी नेथन लायनची ही शंभरावी कसोटी म्हणून भारतीय खेळाडूंच्या स्वाक्षऱ्यांचा सदरा त्याला भेट दिला. ज्यांच्यामुळे सामना घडला, त्या सर्वांची आठवण ठेवणे हीच कृतज्ञता होय.

शिक्षकांना एक गोष्ट विशेष जवळची वाटेल. ठाकूर शाळकरी वयात सरावासाठी पालघरहून लोकलने ये-जा करीत असे. ती दगदग पाहून त्याचे शालेय प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला बोरिवलीत आपल्या घरी ठेवून घेतले. ब्रिस्बेनच्या भागीदारीमागे एका शिक्षकाचे घरही उभे होते.

सावधगिरी : दुखापत हा उपकार नव्हे. ‘पाय मुरगळला हे बरेच झाले’ असे मुलांना शिकवू नये. आभार मानावयाचे ते सावरून घेणाऱ्या माणसांचे. सिडनीत विहारी दुखऱ्या मांडीने १६१ चेंडू खेळला हे खरे. परंतु तो प्रौढ, व्यावसायिक खेळाडू होता व वैद्यकीय मदत हाताशी होती. मुलांनी त्याचे अनुकरण करावयाचे नाही. ताण्याचा धागा तुटला की विणकर प्रथम माग थांबवितो, गाठ मारतो आणि मगच माग पुन्हा चालवितो, हे भिवंडीच्या मुलांना ठाऊकच असते. तोच नियम येथे लावावा. मुरगळलेल्या अवयवास विश्रांती द्यावी, गार पाण्याची घडी ठेवावी व तो उंच ठेवावा. डोक्याला मार लागल्यास त्या दिवशी मुलास पुन्हा खेळवू नये व डॉक्टरांना दाखवावे. सरावापूर्वी मैदानातील खडे व काचा वेचून घ्याव्यात.

उपक्रम : (१) प्रत्येक सामन्यानंतर प्रत्येक खेळाडूने एका व्यक्तीचे नाव व तिने केलेले एक काम सांगावे. ‘सर्वांचे आभार’ एवढे उत्तर पुरेसे मानू नये. ‘सुमनने माझा पाय धुऊन पट्टी बांधली’ हे उत्तर योग्य होय. (२) जायबंदी मुलास घरी न धाडता गुणलेखन, वेळ पाहणे वा राखीव खेळाडूस मार्गदर्शन यांपैकी एक काम द्यावे. म्हणजे तो संघातच राहील. (३) राखीव खेळाडूंना सरावात रोज पूर्ण वाटा द्यावा. आयत्या वेळी त्यांच्याकडून अपेक्षा करावयाची, तर तयारीही आधीच करून घ्यावयास हवी.

प्रश्न : (१) नटराजनच्या हाती करंडक का दिला असावा? (२) आपल्या संघात मैदानाबाहेर राहून मदत करणारे कोण कोण आहेत? (३) दुखापत लपवून खेळणाऱ्या मित्रास तुम्ही काय सांगाल?

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे शिक्षकांनी विशेष लक्षपूर्वक ऐकावीत. आपण बाजूला बसलो तरी संघ आपणास विसरणार नाही, हा विश्वास ज्या मुलास असतो, तो आपले दुखणे लपवीत नाही. असा विश्वास शाळेत निर्माण झाला, तर सामना हरूनही तो हंगाम सार्थकी लागला असे समजावे.