संगणकातील संशयास्पद फाईल : ओळख आणि बंदोबस्त

व्यापारी बंधूंनो, ताग्यावरचा शिक्का पाहून कापडाचा सौदा कोणी करत नाही. आपण कापड उलटून पाहतो, सूत ओढतो, काठ चाचपतो. संगणकासमोर बसलो की मात्र शिक्क्यावरच समाधान मानतो. फाईलवर 'बिल' लिहिले आहे, म्हणजे ते बिलच! आमच्या पेढीवर नेमके हेच घडले.

ओळखीच्या एका पार्टीच्या नावाने ईमेल आला. सोबत झिपमध्ये बांधलेली फाईल, तिच्यावर पीडीएफचे चित्र. हिशेबाला बसणाऱ्या मुलाने ती उघडली, पण काहीच दिसले नाही. त्याने आणखी दोनदा उघडली आणि विसरून गेला. संध्याकाळी संगणक रडतखडत चालू लागला, तेव्हा आम्हाला खबर मिळाली.

त्या फाईलचे पूर्ण नाव 'डॉट पीडीएफ' वर संपत नव्हते. त्यापुढे 'डॉट ईएक्सई' होते. ईएक्सई म्हणजे वाचायचा कागद नव्हे, चालणारा प्रोग्रॅम. ओळखीच्या प्रकारच्या फाईलींच्या नावाची शेपटी विंडोज मुळातच झाकून ठेवते आणि लबाडाचे निम्मे काम तिथेच होते. मे 2000 मध्ये जगभर पसरलेल्या 'आय लव्ह यू' किड्याची युक्ती हीच होती. वरून साधे पत्र, शेवटी लपलेली 'व्हीबीएस' ही शेपटी. तेव्हा पहिले काम हे करावे : फाईल एक्स्प्लोररमध्ये 'व्ह्यू' या मेनूत जाऊन 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स' वर खूण करावी. विंडोज 11 मध्ये ते 'व्ह्यू' मधल्या 'शो' खाली सापडते.

संशय आला की आधी इंटरनेटची वायर काढावी किंवा वायफाय बंद करावे. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबावीत. टास्क मॅनेजर उघडतो. संगणकात या घडीला कोण कोण काम करत आहे, त्याचा हा हजेरीपट समजा. त्यातील अनोळखी नावावर माऊसचे उजवे बटण दाबून 'ओपन फाईल लोकेशन' निवडले की ती फाईल राहते कुठे, ते कळते.

नाव आणि पत्ता दोन्ही तपासायचे असतात. 'एसव्हीसीहोस्ट' हा विंडोजचा अस्सल नोकर आहे. हजेरीपटात तो दहा-वीस वेळा दिसला तरी घाबरू नये. त्याचे खरे घर विंडोजच्या 'सिस्टिम 32' या फोल्डरात असते. आमच्याकडे जो सापडला त्याच्या नावात 'व्ही' आणि 'सी' यांची अदलाबदल होती आणि मुक्काम 'ॲपडेटा' मधल्या 'टेम्प' फोल्डरात. आम्ही शिकलो उर्दू शाळेत. तिथे 'खबर' चा वरचा ठिपका खाली गेला तर 'जब्र' होतो, हे मास्तरांनी छडीने शिकवले होते. ती सवय इथे कामी आली.

तरीही 'ॲपडेटा' मध्ये आहे म्हणजे चोरच, असा निकाल देऊ नये. झूमसारखे सभ्य प्रोग्रॅमही तिथे राहतात. म्हणून पुढची तपासणी सहीची. फाईलच्या 'प्रॉपर्टीज' मध्ये 'डिजिटल सिग्नेचर्स' असे पान असेल, तर बनवणाऱ्या कंपनीचे नाव तिथे मिळते. मात्र विंडोजच्या काही स्वतःच्या फाईलींनाही हे पान नसते, तेव्हा एवढ्यावरून दोषी ठरवू नये. तिसरा साक्षीदार म्हणजे 'व्हायरसटोटल' हे संकेतस्थळ. तिथे एकच फाईल अनेक कंपन्यांच्या तपासनिसांपुढे जाते. पण तिथे चढवलेली फाईल इतरांच्याही हाती पडू शकते. गिऱ्हाइकांचे खाते, बँकेचे कागद तिथे कदापि टाकू नयेत.

घाईची शिक्षाही असते. 2002 मध्ये एक ईमेल जगभर फिरला : अमुक नावाची, अस्वलाचे चित्र असलेली फाईल दिसली तर ताबडतोब पुसा. ती विंडोजचीच निरुपद्रवी फाईल होती. हजारोंनी आपल्या हाताने पुसली आणि वर मित्रांनाही कळवले!

आता बंदोबस्त. चालू असलेली फाईल विंडोज पुसू देत नाही. 'एंड टास्क' ने ती थांबवता येते, पण हाताने पुसण्यापेक्षा विंडोज सिक्युरिटीमधले 'ऑफलाइन स्कॅन' चालवणे बरे. संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि विंडोज पूर्ण जागे होण्याआधीच तपासणी होते. त्यामुळे लबाड प्रोग्रॅमला लपायला सवड मिळत नाही. आम्ही आधी शहाणपणा करून फाईल नुसती पुसली. दोन दिवसांनी ती पुन्हा हजर! 'टास्क शेड्यूलर' मध्ये तिने आपली नेमणूक करून ठेवली होती. म्हणून टास्क मॅनेजरचे 'स्टार्टअप' पान आणि टास्क शेड्यूलर, दोन्ही पाहावे. मायक्रोसॉफ्टचा 'ऑटोरन्स' हा फुकट प्रोग्रॅम अशा सगळ्या नेमणुका एकत्र दाखवतो. त्यात न समजणारी नोंद पुसू नये, नुसती खूण काढावी. चूक झाली तर परत लावता येते.

फाईल गेली म्हणून आम्ही निर्धास्त झालो, ती खरी चूक. संगणकात साठवलेला ईमेलचा पासवर्ड तोवर बाहेर गेला होता. आठवड्याने एका जुन्या पार्टीला आमच्याच पत्त्यावरून पत्र गेले : आमचे बँक खाते बदलले आहे, येणे रक्कम नव्या खात्यात भरावी. मजकूर इतका व्यवस्थित की आम्हीही फसलो असतो. त्या भल्या माणसाने पैसे भरण्याआधी फोन केला, "वीस वर्षांचं खातं आज एकाएकी कसं बदललं?" तीन लाखांवर रक्कम होती.

त्याच रात्री दुसऱ्या, स्वच्छ संगणकावर बसून आम्ही ईमेल, बँक आणि जीएसटीचे सर्व पासवर्ड बदलले. ईमेलला मोबाईलची दुहेरी खात्री लावली. पत्रे परस्पर दुसरीकडे वळवणारा एक नियम ईमेलच्या सेटिंगमध्ये सापडला, तोही काढला. मग सर्व पार्ट्यांना एकेक करून फोन केले. कोणाचे पैसे गेलेच असतील, तर त्याच तासात 1930 या सरकारी क्रमांकावर आणि आपल्या बँकेत कळवावे. रक्कम पुढे सरकण्याआधी अडवली जाण्याची आशा तेवढ्यातच असते.