टाइमशीटवर खरे तास लिही

लातूर

चि. सोनू,


काल अक्काचा नांदेडहून फोन आला. रात्री दीड-दोनला लॉगऑफ होतेस आणि टाइमशीटवर आठच तास भरतेस, हे तू तिला बोलता बोलता सांगितलंस म्हणे. तिला त्यातलं फारसं कळलं नाही. मला कळलं, म्हणून लिहितोय.

तू लातूरला दयानंद कॉमर्सला शिकलीस. या गावानं पोरांना बसायला शिकवलं; जो जास्त वेळ बसतो तो हुशार, असंच इथं मानतात. अभ्यासाच्या या ‘लातूर पॅटर्न’चं मोल मी कमी करत नाही. आपल्या कोरडवाहू भागातली किती घरं त्यानं वर काढली! पण तिथं परीक्षेची तारीख असायची. पेपर संपले की पोरं गावाकडं जाऊन पोटभर झोपायची. तुझ्या कामाला अशी तारीख नाही. एक क्लायंट संपला की दुसरा उभाच.

आता टाइमशीटचं. क्लायंटची फी ठरते ती बहुतेक वेळा अंदाजी तासांवर. समज, अडीचशे तासांचं बजेट लावलं आणि काम साडेतीनशेचं निघालं. वरचे शंभर तास ज्युनियर पोरांच्या झोपेतून जातात. ते कागदावर आलेच नाहीत, की पुढच्या वर्षी बजेट पुन्हा अडीचशेच. तुझ्या जागी येणाऱ्या पोराच्या वाट्यालाही त्याच रात्री. मॅनेजर दुष्ट असतो असं नाही गं, बजेट ओलांडलं की त्यालाही वरून बोलणी बसतात. पण म्हणून तू तास गिळायचे नाहीत. झाले तेवढे लिही. कमी लिही म्हणून कुणी तोंडी सांगितलं, तर ‘सर, मेलवर कळवता का?’ एवढंच विचार.

ॲना सेबास्टियन तुला आठवत असेल. केरळची, २६ वर्षांची सीए. मार्च २०२४ मध्ये पुण्यात ईवायच्या कार्यालयात लागली आणि २० जुलैला गेली. तिच्या आईनं फर्मच्या अध्यक्षांना पत्र लिहिलं. आईवडील पदवीदानासाठी पुण्यात आले, त्या दिवशीही ती दुपारपर्यंत घरून काम करत होती आणि समारंभाला पोचायला उशीर झाला, असं त्यात आहे. ते वाचून मला तुझी आई, आपली अक्का दिसली. कामाच्या ताणानं मृत्यू झाला, हे अध्यक्षांनी मान्य केलं नाही. पुढं कामगार खात्याच्या पाहणीत निघालं, की त्या कार्यालयाची २००७ पासून राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नव्हती. दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तास, ही तेव्हाची मर्यादा याच कायद्यातली. मोठं नाव असलं म्हणजे सगळं रीतसरच असेल, असं धरून चालू नकोस.

नोकरी सोड असं मी म्हणत नाही. घराचा हप्ता आणि भावाची फी तुझ्याच पगारातून जाते, हे मला ठाऊक आहे. नाही म्हणायला जीभ रेटत नाही ती त्यामुळंच. तर यंदाची फी मी भरतो; अक्काशी बोलणं झालंय. ते पैसे तू वेगळे ठेव, सहा महिन्यांचा खर्च हाताशी जमू दे. आणि छातीत भरून येणं, झोप उडणं असलं काही होत असेल, तर हातातलं काम संपायची वाट न बघता डॉक्टरकडं जा.

शनिवारी रात्री फोन कर. गेल्या महिन्याची टाइमशीट समोर घेऊन बस, आपण ओळ न् ओळ बघू.

तुझा मामा