गळा ओघळू नये म्हणून

शाळेच्या पीटीच्या टी-शर्टची ऑर्डर घेतलीस म्हणे. बरं केलंस. आता तू चाटी गल्लीत धावशील आणि हाताला मऊ लागेल तो पहिला रोल उचलून आणशील, म्हणून आधीच बसवून सांगते.

आपण सोलापूरची माणसं ताण्या-बाण्याची. १८७७ मध्ये जुनी मिल सुरू झाली तेव्हापासून इथल्या हाताला मागावरचंच कापड ठाऊक. भौगोलिक मानांकन मिळालं तेही आपल्या चादरीला आणि टॉवेलला. गणवेशाच्या धंद्यातही गावाचं नाव झालंय, २०१७ मध्ये इथं गणवेशाचं प्रदर्शनसुद्धा भरलं होतं. पण शर्ट-हाफ पँटचं कापड निवडणारा हात रिबवर, म्हणजे गळ्या-कफाच्या रेघांच्या ताणत्या कापडावर, फसतो. ती तिरुपूरहून येते, फासात फास अडकवून झालेली असते आणि तिची चाल निराळी. एवढं एक धरून चाल, की रिब किती ताणते ते कुणीही सांगेल, किती परत येते ते बघायचं असतं.

१. दुकानाची पायरी चढण्याआधी रिब कुठं लावायची ते कागदावर लिही: गळा, कफ, कंबर, की अख्खा कपडा — "चांगली द्या" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला उरलेली मिळते.

२. टी-शर्टच्या गळ्याला एकास एक घे, ट्रॅकसूटच्या कफाला आणि कंबरेला दोनास दोन — पहिली बारीक, मानेशी सपाट बसते. दुसरी जाड, जास्त ताणते आणि मनगट धरून ठेवते. आजी स्वेटरच्या काठाला दोन सुलट, दोन उलट घालायची ना, तीच ही.

३. मॅटीच्या कॉलरवाल्या टी-शर्टला रोलमधली रिब कापून कॉलर करू नकोस, सपाट मशीनवर विणलेली तयार कॉलर घे — तिची कड मशीनवरच बंद होऊन येते, आणि साइजप्रमाणे मोजून मागवता येते.

४. रिब नेहमी अंगाच्या कापडापेक्षा थोडी वजनदार असू दे. सिंकर, म्हणजे टी-शर्टचं साधं एकेरी विणीचं कापड, १८० जीएसएमचं (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम) असेल तर गळ्याला २०० ते २२०, लूप निटचा ट्रॅकसूट २८० चा असेल तर कफाला ३२० च्या पुढे — हलकी रिब लावलीस की अंगाचं कापड तिला ओढत नेतं. स्वस्त रिब, लोंबती जीभ!

५. पण ताकदीच्या नादात फार जाडही नको — सिंकरच्या गळ्याला ३०० ची रिब लावली तर मानेभोवती पट्टा घातल्यासारखं पोर दिवसभर बोटं घालून ओढत बसतं, आणि ओढून ओढून शेवटी तोही गळा सैल होतोच.

६. जीएसएम दुकानदाराच्या तोंडचा घेऊ नकोस, स्वतः काढ. गोल कटर १०० चौरस सेंटीमीटरचा तुकडा कापतो, तो तोलायचा आणि ग्रॅमला १०० नं गुणायचं: २.१ ग्रॅम भरला तर २१० — कटर नसेल तर १० बाय १० चा चौकोन काप, मात्र कापताना ताणू नकोस आणि रोलच्या तीन ठिकाणचा घे.

आता ताणण्याची परीक्षा. इथं घाई करायची नाही.

७. आडव्या अंगाला पेनानं १० सेंटीमीटरवर दोन खुणा कर, १६ पर्यंत ताण, दहा आकडे मोज, सोड आणि अर्धा मिनिट थांबून परत मोज — साध्या सुती रिबला साडेदहापर्यंत माफी आहे, ११ वर राहिली तर रोल तिथंच ठेवून ये. लायक्राच्या रिबला माफी नाही, ती दहावर यायलाच हवी.

८. ही परीक्षा कोऱ्या तुकड्यावर एकदा आणि धुतलेल्या तुकड्यावर एकदा कर — कोऱ्या कापडाला गिरणीचं फिनिश असतं, पहिल्या पाण्यात ते निघून जातं आणि खरा स्वभाव बाहेर येतो. दुकानात गोरी, दोरीवर कोरी.

९. गळपट्टी कापताना रिबच्या रेघा पट्टीवर आडव्या याव्यात, म्हणजे गळ्याला लावल्यावर त्या उभ्या दिसतील — रिब आडव्या अंगालाच ताणते, उभ्या अंगाला जवळपास नाहीच. मागावरच्या कापडाची पट्टी लांबीतून कापायची आपल्या मास्तरांची सवय असते. पहिल्या दिवशी टेबलाजवळ उभी राहा.

१०. गळ्याला आणि कफाला ५ टक्क्यांच्या आसपास लायक्रा माग — नुसत्या सुती कफाची बाही पोरं दिवसातून दहा वेळा कोपरापर्यंत सारतात, तो महिनाभरात भोंगा होतो.

११. बिलावर लायक्रा लिहिलंय म्हणून ती कापडात असेलच असं नाही. कापलेली कड जोरात ताण आणि उजेडात धर — धाग्यांच्या मधून बारीक, चकचकीत, रबरासारखे तंतू दिसतात, सोडले की आत पळतात.

१२. लायक्राचे रोल पत्र्याच्या शेडखाली ठेवू नकोस — आपल्या मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश असतं, पत्र्याखाली त्याहून जास्त, आणि उष्णतेनं लायक्राचा जीव जातो.

१३. शाळेला लेखी कळव की हे टी-शर्ट ब्लीचिंग पावडरमध्ये भिजवायचे नाहीत — क्लोरीननं लायक्रा तुटते, आणि वसतिगृहातल्या धुण्यात नेमकी तीच पावडर पडते. नंतर बोल तुलाच लागतो.

रिबची एक खोड चांगली आहे. सिंकर कापलं की कडेनं गुंडाळत जातं, रिब नाही जात. १७५९ च्या सुमारास इंग्लंडात डर्बीच्या जेडेडाया स्ट्रटनं मोजे विणायच्या यंत्राला सुयांची दुसरी रांग जोडली, तेव्हापासून अर्धे फास पुढे आणि अर्धे मागे पडू लागले. दोन्ही बाजू एकमेकींना तोलून धरतात, म्हणून कड सरळ राहते. आता ओळख पटवायला हेच वापर.

१४. कड गुंडाळली तर ते रेघांचं सिंकर आहे, रिब नव्हे; कड सरळ पण ताणच नाही तर इंटरलॉक असेल — नवी पोरगी दिसली की तिन्ही एकाच नावानं दाखवतात.

१५. रिब ताणून उजेडासमोर धर, रोलच्या सुरुवातीला आणि मध्यात — सुईची रेघ, सुटलेला फास आणि तेलाचा डाग उंचवट्यांच्या खाचेत लपतात, सैल कापडात दिसत नाहीत.

१६. ट्यूबमध्ये आलेली रिब असेल तर दोन्ही बाजूंच्या घड्या बघ — कडक बसलेली घडी धुऊनही जात नाही, ती जागा सोडून कापावं लागतं आणि तेवढा माल वाया धरावा लागतो.

१७. अंगाचं कापड आणि रिब एकाच वेळी, एकाच रंगाईच्या लॉटमधून माग — "नंतर मिळेल की" म्हणून रिब मागं ठेवलीस तर लाल रंगाला सतरा बहिणी भेटतात, जुळी एकही नाही.

१८. शेड दुकानाच्या ट्यूबलाइटखाली पास करू नकोस, दोन्ही तुकडे घेऊन बाहेर उन्हात ये — आत जुळलेला निळा बाहेर जांभळट दिसतो, आणि पीटी मैदानावर असते.

१९. हाऊसचे टी-शर्ट असतील, लाल अंग आणि पांढरा गळा, तर लाल तुकड्यावर ओला पांढरा रुमाल वीस वेळा घास आणि मग दोन्ही तुकडे एकत्र भिजवून रात्रभर ठेव — गळा एकदा गुलाबी झाला की तो कोणत्याच हाऊसचा राहत नाही.

२०. आटण्याची परीक्षा पाणी येण्याच्या दिवशी उरकून घे, नाहीतर पुढच्या पाळीपर्यंत खोळंबशील. ५० बाय ५० सेंटीमीटरच्या खुणा कर, तीनदा धू, सावलीत सपाट वाळव आणि मोज — ५० चे साडेसत्तेचाळीस झाले तर ५ टक्के.

२१. अंगाचं कापड आणि रिब दोन्ही सोबत धुऊन दोघांचे आकडे शेजारी लिही — दोघंही ५ टक्के आटले तर माप वाढवून भागतं. एक ३ आणि दुसरं ८ आटलं तर गळ्याला चुण्या पडतात, आणि त्या कोणत्याही मास्तराला काढता येत नाहीत.

२२. रोल आला की कापायच्या आदल्या दिवशी सोडून टेबलावर सैल पसरून ठेव, थर कमी ठेव — गुंडाळताना तो ताणलेला असतो. तसाच कापलास तर सकाळी मापात असलेली पट्टी संध्याकाळी आखूड.

२३. दोरीवर किंवा खुंटीवर रिब टांगायची नाही — स्वतःच्याच वजनानं उतरते.

हिशेबाचं नीट ऐक, इथं मागावरच्या कापडाची सवय सगळ्यात जास्त नडते.

२४. होजियरी किलोवर मिळते, मीटरवर नाही. २०० जीएसएमची रिब १ किलोत ५ चौरस मीटर. उघडा पन्हा ९० सेंटीमीटर असेल तर साडेपाच मीटर लांबी — २५० ची घेतलीस तर त्याच १ किलोत ४ चौरस मीटरच. भाव किलोचा विचार, हिशेब गळ्यांचा मांड.

२५. रोलच्या आतला पुठ्ठ्याचा पाइप आणि प्लास्टिक वजनातून वजा करून घे — मागताना लाजू नकोस, तोलणारा लाजत नाही.

२६. गळपट्टी गळ्याच्या घेरापेक्षा आखूड हवी: साध्या रिबला ८५ टक्के, लायक्राला ८० पासून सुरुवात कर — तेवढीच लांब लावलीस तर गळा लाटा मारतो.

२७. मात्र आखूड करण्याच्या भरात पोराचं डोकं विसरू नकोस. सहा वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर ५१-५२ सेंटीमीटर असतो. शिवलेला गळा ५४ पर्यंत ताणून टाका न तुटता परत आला पाहिजे — लहान मुलांची मान बारीक आणि डोकं मोठं, मोठ्यांच्या मापाचं प्रमाण त्यांना चालत नाही.

२८. मशीनवर शर्टाची अणकुचीदार सुई तशीच राहिलेली असते, ती काढून गोल टोकाची ११ नंबरची लाव — टोकदार सुई फास तोडते; भोक आज दिसत नाही, दुसऱ्या धुण्याला दिसतं.

२९. गळा चार धाग्यांच्या ओव्हरलॉकवरच जोड — साध्या शिलाईचा धागा ताणत नाही, पहिल्यांदा डोकं घालतानाच कटकन जातो.

३०. इस्त्री घासायची नाही, वाफ द्यायची आणि उचलायची — घासली की रेघा चपट्या होतात आणि गळा अर्ध्या इंचानं रुंद.

३१. तुम्हा पोरींना हल्ली अख्खा कुर्ताच रिबचा हवा असतो, तो शिवायला घेतलास तर लायक्राची, २२० च्या वरची आणि बारीक रेघेची निवड — हलकी रिब अंगाला चिकटून सगळं सांगत बसते, आणि बिनलायक्राची बसून उठलं की मागं फुगते.

३२. पीटीच्या गळ्याला सुती किंवा सुती जास्त असलेली रिबच दे — पॉलिस्टरचा रंग टिकतो, भावही बरा असतो, पण जूनमध्येही आपल्याकडे मानेला घाम असतो आणि तो पॉलिस्टर शोषत नाही. लुधियानाचं ॲक्रेलिक स्वेटरपुरतं ठेव. आपली थंडी किती, गड्ड्याच्या जत्रेत फिरण्यापुरती.

३३. प्रत्येक लॉटचा तळहाताएवढा तुकडा वहीत टाच आणि शेजारी तारीख, लॉट नंबर, जीएसएम, आटणं आणि भाव लिही — पुढच्या वर्षी शाळा "तसाच गळा द्या" म्हणते, आणि "तसाच" कसा होता हे कुणालाच आठवत नाही.

३४. दुकानदाराशी गोड राहा, पण शेंगाचटणी आधी जिभेवर ठेवून घेतेस तशी रिबही आधी १ किलो नमुना म्हणून घे — चांगला व्यापारी त्याला नाही म्हणत नाही. जो म्हणतो त्याच्याकडचं उत्तर तुला मिळालंच.

३५. तारखा सांभाळ. शाळा जूनच्या मध्यावर उघडते, म्हणजे शिलाई एप्रिलमध्ये जोरात हवी आणि रोल मार्चच्या पहिल्या आठवड्यात घरात — जानेवारीत इकडे आपला गड्डा असतो तेव्हा तिकडे तिरुपूरला पोंगल; कामगार गावी जातात आणि त्या दिवसांत दिलेली ऑर्डर पडून राहते. नमुने डिसेंबरमध्येच मागव.

नमुन्याचे तीन टी-शर्ट शिव, एक लहान, एक मधला, एक मोठा. पाच वेळा धू आणि रविवारी घेऊन ये. त्याआधी मोठ्या मालाचे पैसे कुणाला देऊ नकोस.